यादीवरचा कोष

आमच्या घरात सुट्टीची तयारी एका पुठ्ठ्यापासून सुरू होते. शर्टाच्या खोक्यातला पांढरा जाड पुठ्ठा, त्यावर बॉलपेनने लिहिलेल्या सत्तेचाळीस ओळी, आणि वर एक काळी क्लिप. सामान भरताना ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. परतीचं सामान भरताना त्या खुणेवर आडवी रेघ मारायची. घरी पोचलं की सगळं खोडरबराने पुसायचं, म्हणजे पुठ्ठा पुढच्या वर्षासाठी तयार. मी मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बोल्ट असो की हातमोजे, आत येताना लिहायचं आणि बाहेर जाताना लिहायचं. वर्षानुवर्षं हे केलं की घरही तसंच दिसायला लागतं.

"फोनमध्ये टाक ना यादी," नवरा दरवर्षी म्हणतो.

"फोनची बॅटरी उतरते. पुठ्ठ्याची उतरत नाही," हे माझं दरवर्षीचं उत्तर.

यादीतल्या शेवटच्या चार ओळी पिशव्यांच्या. घरातल्या प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळते, डब्याच्या पिशवीएवढी. तिच्यात ज्याने त्याने आपापल्या आवडीचं काय ते भरायचं. आत काय आहे ते मी विचारणार नाही, फक्त पिशवीचं तोंड बंद झालं पाहिजे. हा नियम करावा लागला, कारण एका वर्षी नवऱ्याने अख्खा कॅरम बोर्ड बरोबर घेतला होता आणि मी तो सगळीकडे काखेत धरून फिरले होते.

मी सांगते ती गोष्ट चारपाच वर्षांपूर्वीची. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटा पाच. धाकट्याच्या पिशवीत बाटल्यांची झाकणं असायची. रस्त्यात, समुद्रावर, कुठेही दिसलं की उचलायचं, धुवायचं आणि रंगाप्रमाणे जोड्या लावायच्या. नवऱ्याच्या पिशवीत मासे पकडायचा गळ, दोरा आणि शिशाचे तुकडे. हा माणूस मूळचा बुलढाण्याकडचा. त्याच्या गावात मे महिन्यात मुलं नदीच्या पात्रात क्रिकेट खेळतात. इस्पितळात एक्स-रे काढून काढून कंटाळला की तो फोनवर मासेमारीचे व्हिडिओ बघायचा, आणि त्यातून हा छंद लागला. तोवर मासा एकही लागला नव्हता. माझ्या पिशवीत पेन्सिली, खोडरबर, कात्री, चिकटपट्टी आणि सुतळी.

"आई, हा छंद नाही," थोरली म्हणाली होती. "हे ऑफिस आहे."

थोरलीच्या पिशवीत बरणी होती. तिच्याबद्दल जरा मागे जाऊन सांगावं लागेल.

दहिसरला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये लिंबाचं एक रोप आहे. त्याला आजवर लिंबू लागलेलं नाही, अळ्या मात्र नेमाने लागतात. लहान असतात तेव्हा त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि हात लावला की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून घाणेरडा वास सोडतात. मी त्या चिमट्याने उचलून खाली टाकायचे. एक दिवस थोरलीने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला आणि अळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. रोज ताजी पानं, रोज सफाई, बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं आणि त्यावर रबर. शिवाय एक वही. वहीला तीन रकाने होते: तारीख, काय झालं, कोणामुळे. तिसरा रकाना बघून मला जरा अभिमान वाटला. आमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्येही तो असतो.

मार्चमध्ये पहिल्या अळीचा कोष झाला, बरणीतल्या काडीवर. त्याच आठवड्यात सासरची मंडळी येणार होती म्हणून मी घर आवरायला काढलं. बरणी कपाटाच्या वरच्या कप्प्यात उभी मावेना, तर मी ती आडवी ठेवली. फडकं होतं, हवा होती, मला त्यात काही गैर दिसलं नाही. फुलपाखरू कोषातून बाहेर आलं की त्याला कुठेतरी लटकावं लागतं, पंख खाली सोडून वाळवावे लागतात, हे मला माहीत नव्हतं. आडव्या बरणीत त्याला जागाच मिळाली नाही. एक पंख दुमडलेलाच वाळला. दोन दिवस ते साखरेच्या पाण्यावर जगलं, टेबलावर गोल गोल चालत राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी गेलं.

थोरली रडली नाही. मी तिची माफी मागितली, तर "ठीक आहे" म्हणाली. रात्री वही उघडून पाहिली. काय झालं: पंख वाकडा, मेलं. कोणामुळे: आई, बरणी आडवी ठेवली. रजिस्टरमध्ये लिहावं तसं, एका ओळीत. दुसऱ्या दिवसापासून घरात एक नवा नियम आला. बरणीला आईने हात लावायचा नाही.

मे महिन्यात त्या बरणीत दुसरी अळी होती, बोटाएवढी, आता लवकरच कोष करेल अशी. तिला घरी ठेवून जायचा प्रश्नच नव्हता.

आता प्रवासाचं. गावाला आम्ही एप्रिलमध्ये जयंतीला जाऊन येतो. मे महिन्यात तिकडे पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागते, तिथे पाहुणे म्हणून चार तोंडं वाढवणं बरं नाही. म्हणून मे महिन्यात दरवर्षी कुठेतरी दुसरीकडे जायचं. त्या वर्षी दोघांच्या रजा नीट जुळल्या नाहीत, लांबची तिकिटं मिळाली नाहीत, आणि आमच्या गच्चीवरून खाडी दिसते. मी म्हटलं, चला गोराईला. तिथे एका आंटीच्या घरामागे भाड्याची खोली होती. शुक्रवारी जायचं आणि दहा रात्री राहून सोमवारी सकाळी निघायचं.

शेजारच्या काकूंना हसू आवरेना. "गोराई? अगं, लोक सकाळी जातात नि संध्याकाळी येतात. तुम्ही तिथे दहा दिवस काय करणार?"

"तेच. सकाळी जाणार नि दहा दिवसांनी येणार."

बोरिवलीच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि माझं तिकीट पर्समध्ये ठेवून होईपर्यंत पलीकडचा किनारा आलाही. इतका छोटा प्रवास आम्ही कधीच केला नव्हता. सामान मात्र सत्तेचाळीस ओळींचं होतं. बोटवाला आमच्या बॅगांकडे बघून म्हणाला, "शिफ्टिंग हाय काय?"

आंटीचं घर कौलारू, मागे विहीर, विहिरीपाशी लिंबाचं झाड. खरं झाड, लिंबं लागणारं. थोरलीने ते पाहिलं आणि जागा पसंत केली. आंटी साठीची, गाऊनवर टॉवेल टाकून कोंबड्यांना हाकलत समोर आली. बरणी पाहून म्हणाली, "काय आणलंस गो बाय, लोणचं?"

"अळी," थोरली म्हणाली.

"बरं. जेवायला किती जण?"

खोलीत एक खिळा होता. पोचल्या पोचल्या मी त्यावर क्लिपने यादी टांगली, सगळं सामान तपासलं, आणि त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो.

सकाळी बरणी रिकामी होती. मलमल बाजूला पडलं होतं आणि रबर नव्हतं.

"मला रबर पाहिजे होतं," धाकट्याने सांगितलं. "झाकणं सांडत होती."

थोरली जमिनीवर रांगत शोधायला लागली. मी कामाला लागले. खोलीचे चार भाग केले, प्रत्येकाला एक दिला, चपला बाहेर काढायला लावल्या, कोंबड्यांसाठी दार लावून घेतलं. खाटेखाली, पिशव्यांत, चादरींच्या घड्यांत पाहिलं. नवरा आपल्या भागात कुठे दिसेना म्हणून मी ओरडणार, तेवढ्यात तो भिंतीपाशी उभा असलेला दिसला.

"ए, इकडे या," तो हळूच म्हणाला. "यादीत एक नाव वाढलंय."

अळी पुठ्ठ्यावर होती. यादीच्या मध्याच्या जरा खाली डोकं वर करून, पाठ वाकवून चिकटली होती, आणि पाठीभोवती केसासारखा बारीक धागा होता. ती आता हलणार नव्हती. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिथे अळी नव्हती. राखाडी-तपकिरी कोष होता, वाळक्या काडीच्या तुकड्यासारखा.

थोरलीने वहीत लिहिलं आणि बोटांवर मोजलं. "आठ दिवस. सोमवारी येईल."

सोमवार म्हणजे आम्ही निघणार तो दिवस. त्याच दिवशी आंटीच्या खोलीत लग्नाचे पाहुणे उतरणार होते, आणि मंगळवारी माझ्या स्टोअरमध्ये माल मोजायचा होता. मी उपाय सुचवला. "मी काय म्हणते, तेवढाच तुकडा कात्रीने..."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. वहीतली ती ओळ मला तिच्या डोळ्यांत वाचता आली.

"मी नुसतं म्हणत होते," मी म्हटलं, आणि कात्री माझ्या पिशवीत परत ठेवली.

पुढचे आठ दिवस त्या भिंतीपाशी तिचं राज्य होतं. पुठ्ठ्यापासून दोन हात लांब उभं राहायचं. पंखा त्या बाजूला फिरवायचा नाही. जवळ जाऊन बोलायचं नाही, कारण तोंडातून वारा येतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छपरातून एक पाल उतरली आणि यादीच्या कडेला येऊन बसली. थोरली दाराशी थिजून उभी राहिली. पालीला हाकलावं तर पुठ्ठा हलेल, न हाकलावं तर पाल कोष खाईल. मी केरसुणीच्या टोकाने भिंत लांबूनच खरवडली. पाल वर गेली, पण ती पुन्हा येणार हे उघड होतं.

आंटीकडे जेवण झाकायची जाळी होती, छत्रीसारखी उघडणारी. मी ती मागून आणली, यादीवर धरली आणि तिच्या कडा चिकटपट्टीने भिंतीला लावल्या. पुठ्ठ्याला माझं नखसुद्धा लागू दिलं नाही. थोरली बाजूला उभी राहून सगळं तपासत होती.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. या खेपेला त्या शब्दांचा आवाज जरा वेगळा होता, निदान मला वाटला.

आंटीला मात्र हे पटलं नाही. "जेवणावरची जाळी किड्याला घातलीस? माझ्या बोंबलाच्या कालवणावर माश्या बसल्या तर तुझ्याच घरी पाठवेन त्यांना."

"आंटी, मी ताट झाकते त्याच्यावर."

"झाक. नि रोज झाक."

बाकी दिवस मजेत गेले. सकाळी समुद्र, दुपारी पत्ते, संध्याकाळी आंटीच्या ओट्यावर गप्पा. नवऱ्याने गावातून बांबूची एक काठी मिळवली, तिला गळ बांधला आणि रोज खाडीवर जाऊन बसायला लागला. जाळी दुरुस्त करणारे एक म्हातारे काका त्याला तिथे भेटायचे. चौथ्या दिवशी ते त्याला म्हणाले, "गळ टाकतोस का माशांना जेवायला घालतोस?" नवऱ्याने हे आम्हाला घरी येऊन स्वतःच सांगितलं. एकदा एक खेकडा दोऱ्याला धरून वरपर्यंत आला, याच्याकडे बघितलं आणि सोडून गेला. धाकट्याने समुद्रावरची एवढी झाकणं गोळा केली की पिशवीचं तोंड बंद होईना. मग त्यातली विटकी झाकणं आंटीच्या ओट्यावर रांगेने मांडून ठेवायचा तोडगा निघाला.

रविवारी संध्याकाळी मी परतीचं सामान भरायला घेतलं आणि खरी पंचाईत कळली. यादी भिंतीवर, यादीवर कोष, कोषावर जाळी. पुठ्ठा हातात घेता येत नव्हता, त्यावर पेन्सिल चालवता येत नव्हती. शेवटी नवरा दोन हात लांब उभा राहून जाळीतून डोळे बारीक करून एकेक ओळ वाचू लागला, आणि मी भरलं की "झालं" म्हणू लागले.

"तीस, टॉर्च."

"झालं."

"एकतीस, सुईदोरा."

"झालं."

"बत्तीस..." तो थांबला. "बत्तीसवर अळीबाई बसल्यात. तेहेतीसवर पण."

"काय आहे बत्तीसला?"

"तू लिहिलीयस यादी."

मला आठवेना. मी खाटेवर बसून डोळे मिटले. काही नाही. लिहून ठेवलं की डोकं मोकळं राहतं, हे मी स्टोअरमध्ये नव्या माणसांना शिकवते. डोकं खरंच मोकळं होतं.

"चॉकलेट," धाकटा म्हणाला.

"चॉकलेट मी यादीत लिहीत नाही."

"मग मीच असेन," नवरा म्हणाला. "बत्तीस: नवरा. तेहेतीस: त्याची काठी. का एक्स-रे काढू? खालचं अक्षर दिसेल."

"बाबा, वारा येतोय तुमच्या तोंडातून," थोरली म्हणाली.

आम्ही खोली दोनदा पाहिली. विसरण्यासारखं काही दिसलं नाही. बत्तीस आणि तेहेतीस या दोन ओळी मी आयुष्यात पहिल्यांदा तशाच सोडल्या. थोरलीने तेवढ्यात आंटीच्या लिंबावरून तीन पिटुकल्या अळ्या उतरवून आपल्या बरणीत घातल्या होत्या. या खेपेला फडक्यावर रबर नव्हतं, माझी सुतळी होती, तीन गाठींची. गाठी तिने स्वतः मारल्या.

सोमवारी सकाळी कोष काळा पडला होता. जवळून पाहिलं तर सालीच्या आतून पिवळे ठिपके दिसत होते. थोरली दात न घासता भिंतीसमोर बसून राहिली. सात वाजले. आठ वाजले. नऊ वाजता आंटी दारात आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"बाय, मी सांगितलं असतं पाहुण्यांना उद्या या म्हणून. पण ते निघाले पण. बस केलीय त्यांनी."

थोरली उठली नाही. मी तिच्या शेजारी बसले, पण बोलायचं ते आंटीशी बोलले. "आंटी, जाळी नेली तर चालेल का?"

"ने. परत द्यायला यावं लागेल तुला, तेवढंच बरं."

मग मी थोरलीला विचारलं, "मी पुठ्ठा काढू का भिंतीवरून? का तू काढतेस?"

तिने टाचा उंचावून पाहिल्या. "तू काढ. माझा हात पोचत नाही. पण मी बघणार."

मी चिकटपट्टी सोडवली. क्लिप खिळ्यावरून उचलली, पुठ्ठा जराही कलू न देता जाळीच्या आत वरच्या कडीला सुतळीने बांधला, आणि जाळीचा घेर खालून ओढणीने आवळला. आता हे सगळं हातात धरलं असतं तर हिंदकळलं असतं. नवऱ्याने आपली बांबूची काठी पुढे केली. जाळी काठीच्या मधोमध टांगली, एक टोक त्याने खांद्यावर घेतलं, दुसरं मी. दहा दिवसांत त्या काठीला लागलेली ही पहिली गोष्ट, असं मी म्हणणार होते, पण ते त्यानेच म्हटलं.

रिक्षावाल्याला सांगितलं, हळू चालव. त्याने विचारलं, "आत काय, देव?" धाकटा म्हणाला, "यादी."

धक्क्यावर तिकिटं काढली. बोट लागत होती, माणसं उतरत होती. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि धाकटा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "फुटलं."

कोषाला वरून चीर गेली होती. चिरेतून एक काळं, ओलं डोकं बाहेर आलं, मग पाय. पुढची माणसं बोटीत चढायला लागली. थोरलीने फुलपाखराकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, बोट."

घरी पोचल्यावर काय काय करायचं याची दुसरी यादी माझ्या पर्समध्ये होती. अकराला गिरणी, साडेअकराला मशीन लावायची, दुपारी धाकट्याचे बूट, संध्याकाळी मंगळवारच्या मालमोजणीचे कागद. बोटीचं इंजिन धक्क्याला थरथरवत होतं, आणि खाडीवर वारा होता. मार्चमध्ये मला जे माहीत नव्हतं ते आता माहीत होतं.

"आपण या बोटीने जाणार नाही," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावायचं फक्त बाकी ठेवलं. "तू बोलतेयस हे?"

"तिकडे शेडच्या मागे वारा लागत नाही. काठी धर."

आम्ही शेडच्या आडोशाला बॅगा रचल्या, दोन बॅगांवर काठी ठेवली, आणि वाऱ्याच्या बाजूला चादर धरून मी उभी राहिले. फुलपाखरू रिकाम्या कोषाला धरून लटकलं. मी चादरीआडून वाकून त्याचे पंख पाहिले. दोन्ही पंख आखूड, सुरकुतलेले, पिळून ठेवलेल्या हातरुमालासारखे. मार्चमधलं मला आठवलं. थोरलीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही आठवलंय.

"आधी असेच असतात," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे.

एक बोट गेली. धाकट्याने जमिनीवर एक लाल झाकण ठेवलं. दुसरी गेली, निळं ठेवलं. तिकीटवाला येऊन बघून गेला. "ताई, तिकीट चालेल कुठल्याही बोटीला. पण जायचंय ना नक्की?" बोरिवलीच्या बाजाराला निघालेली एक मावशी टोपली खाली ठेवून आमच्यात येऊन उभी राहिली. "मेलंय काय?" तिने विचारलं. "सुकतंय," धाकटा म्हणाला. मावशी म्हणाली, "मग माझ्या बोंबलासारखंच. घाई केलीस तर वास मारतो," आणि टोपली उचलून तिसऱ्या बोटीत चढली.

चौथ्या बोटीच्या सुमारास डावा पंख पूर्ण खाली आला, काळा, त्यावर पिवळसर ठिपके. उजवा अजून टोकाशी दुमडलेला होता. थोरली त्या टोकाकडे बघत होती आणि मी थोरलीकडे. चादर धरून माझे हात भरून आले होते, नवऱ्याने "दे" म्हटलं तरी मी दिली नाही. पाचवी बोट येऊन गेली. मग उजव्या पंखाचं टोक कुणी इस्त्री फिरवावी तसं हळूहळू सरळ झालं. फुलपाखराने खाली तांबूस पाण्याचा एक थेंब टाकला. तो बरोबर "टूथब्रश" या शब्दावर पडला. तो डाग अजून आहे, खोडरबराने जात नाही.

थोरलीने बोटाने हवेतच मोजलं. "एक, दोन. दोन्ही सरळ."

सातव्या बोटीनंतर तिने ओढणी सोडली आणि जाळी वर केली. फुलपाखरू पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर चालत गेलं. तिथून उडून नवऱ्याच्या काठीवर बसलं, पंख दोनदा उघडले-मिटले, आणि तिकीटखिडकीमागच्या झुडपांवरून निघून गेलं.

"गेलं," धाकटा म्हणाला आणि आपली सात झाकणं गोळा करायला लागला.

थोरलीने बॅगेवर बसून वही काढली. मी बघत नाही असं दाखवून बघत होते. तारीख. काय झालं: बाहेर आलं, दोन्ही पंख सरळ, उडालं. मग तिसरा रकाना. पेन्सिल तिथे थांबली. आता खोटं कशाला बोलू, मला आशा होती. सात बोटी सोडल्या होत्या मी, गिरणी सोडली होती, हात दुखत होते. तिने विचार केला आणि लिहिलं: आपोआप.

नवऱ्याने ते वाचलं आणि तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. मला राग यायला हवा होता, पण नोंद बरोबर होती. स्टोअरमध्ये मीही हेच लिहिलं असतं.

रिकामा कोष तिने नखाने अलगद सोडवून वहीच्या पानात ठेवला. खालून माझं अक्षर बाहेर आलं. बत्तीस: कपडे वाळत घालायची दोरी. तेहेतीस: चिमटे. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोरी आंटीच्या विहिरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत बांधलेली होती, आणि तिच्यावर दोन टॉवेल आणि नवऱ्याची गंजी होती.

"लग्नाच्या पाहुण्यांना माझी गंजी," नवरा म्हणाला. "आहेर झाला."

ती दोरी अजून तिथेच आहे. जाळी परत द्यायला गेलो तेव्हा तिच्यावर आंटीचे गाऊन वाळत होते, मग मागावीशी वाटली नाही. यादीत बत्तीसपुढे मी "गोराईला आहे" असं लिहून ठेवलं आहे.

आठवी बोट लागली. बॅगा चढवल्या, काठी चढवली, नवरा फळीवरून पुढे गेला. फळी डुगडुगत होती, आणि धाकट्याच्या दोन्ही मुठींत झाकणं होती. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या बरणीकडे. धाकट्याचं मनगट धरायला तिला हात मोकळा हवा होता.

तिने बरणी माझ्यापुढे केली. आत तीन पिटुकल्या अळ्या लिंबाच्या पानावर बसल्या होत्या.

"धर," ती म्हणाली. "उभी धर."

मी दोन्ही हातांनी धरली. बोरिवलीचा धक्का येईपर्यंत मी बसलेसुद्धा नाही.